रविवारी बुडणारी होडी

ल्युबिशाला सर्बियातल्या झायेचार गावात सगळे ओळखत, पण बहुतेकांनी त्याला छातीच्या खाली कधी पाहिलेलं नव्हतं. बस स्थानकातल्या तिकीट खिडकीमागे तो वर्षानुवर्षं बसला होता. शुक्रवारी संध्याकाळी ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना आणि लिंझच्या बस सुटत. भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या आणि धुरावलेल्या मांसाची पुडकी सांभाळत बायका रांगेत उभ्या राहत. कोण मुलाकडे चाललीय, कोण सुनेच्या बाळंतपणाला, हे त्याला तिकीट फाडायच्या आधीच कळलेलं असे. लिंझपर्यंतचे सगळे थांबे त्याला झोपेतही म्हणता आले असते. त्या बसमध्ये तो स्वतः मात्र कधी चढला नव्हता.

लिंझला त्याची मुलगी होती, तियाना. बायको बिल्याना तिथल्या इस्पितळात कामाला गेली ती सहा महिन्यांसाठी, मग वर्षासाठी, आणि मग कायमचीच. मुलीला तिने नेलं. भांडण असं झालंच नाही. भांडायलासुद्धा दोघं एका गावात लागतात. कागदावर सह्या झाल्या, बिल्यानाने तिथल्याच एका सज्जन माणसाशी लग्न केलं, आणि ल्युबिशा आपल्या आईजवळ, देसांकाजवळ, चौथ्या मजल्यावरच्या घरात राहू लागला.

लिंझला येतो असं त्याने मुलीला तीनदा कबूल केलं होतं. पहिल्या वेळी रजा मिळाली नाही, ते खरं होतं. दुसऱ्या वेळी पासपोर्टची मुदत संपली होती. तेही खरं होतं, फक्त ती संपणार हे त्याला आधीपासून माहीत होतं. तिसऱ्या वेळी त्याने ताप आल्याचं सांगितलं आणि त्या दिवशी तो खिडकीमागे बसून दुसऱ्यांना लिंझची तिकिटं देत होता. खरं कारण वेगळंच होतं. बिल्यानाच्या दारात हातात पिशवी घेऊन आपण उभे आहोत, तो सज्जन माणूस पुढे होऊन आपला कोट घेतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की तो बेत मोडून टाकी. हे पोरीला कसं सांगायचं? त्यापेक्षा सबब सांगणं सोपं होतं. तियाना रडायची नाही, चिडायची नाही. नुसतं म्हणायची, "बरं, बाबा." त्या दोन शब्दांचा आवाज त्याच्या कानात आठवडाभर राहायचा.

मग तियानानेच तो खेळ शोधून काढला. कॉम्प्युटरवरचा, दोघांनी मिळून खेळायचा. एक होडी, अफाट समुद्र, मधे बेटं. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने शीड सांभाळायचं. दोघांपैकी एक जण भर समुद्रात नाहीसा झाला तर होडी कलंडते, सगळा माल तळाला जातो आणि मागच्या बंदरापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. सुकाणू तियानाचं आणि शीड बाबाचं, असं ठरलं. वेळही ठरली, रविवारी संध्याकाळी सहा.

ल्युबिशाने त्यासाठी चांगला कॉम्प्युटर घेतला. आत ग्राफिक्स कार्ड होतं. लाटा, धुकं, पाऊस, हे सगळं रंगवायचं काम त्या कार्डाचं. ते म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातलं आणखी एक यंत्रच, त्याला स्वतःचे पंखेसुद्धा होते. खोकं टेबलाखाली ठेवलं, स्पीकर वर. वसंतापासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत बापलेकींनी अर्धा समुद्र पालथा घातला.

आणि त्या होडीत पोरगी बोलू लागली. फोनवर जी "ठीक आहे" आणि "काही नाही" यांच्या पलीकडे जात नसे, ती शीड सोड, शीड ओढ म्हणता म्हणता वर्गातल्या मैत्रिणीने बोलणं कसं टाकलं ते सांगायची, दातांवर बसवलेली तार किती टोचते ते सांगायची. समोरासमोर बसून माणसं जे बोलत नाहीत ते भाजी निवडताना बोलतात, तसंच ते होतं. हात गुंतलेले, नजर दुसरीकडे.

देसांका रविवारी आपली खुर्ची ओढून टेबलाशेजारी बसायची, विणकाम घेऊन. पडद्याकडे ती बघत नसे, समुद्राने तिला गरगरायचं. ती नातीचा आवाज ऐकायला बसायची. शेवटी तियाना विचारायची, "आजी, आहेस का गं?" आणि देसांका स्पीकरकडे वाकून ओरडायची, "आहे, आहे, मी कुठे जाणार?" एवढ्यासाठी तिचा आठवडा जात असे.

ऑक्टोबरात कार्डाने दगा द्यायला सुरुवात केली.

पहिल्या वेळी ती दोघं वादळात होती. शीड फडफडत होतं, तियाना हसत होती, आणि एकदम पडदा काळा झाला. टेबलाखालचे पंखे क्षणभर घोंघावले आणि गप्प झाले. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला तर त्यावर एक ओळ आली, ग्राफिक्स ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाला होता. देसांकाने विचारलं, हा ड्रायव्हर कोण? ल्युबिशाने तिला समजावलं की कॉम्प्युटर आणि कार्ड यांची भाषा एक नाही. मधे एक दुभाष्या लागतो, एक छोटा प्रोग्रॅम. कार्ड बनवणारी कंपनी दर थोड्या दिवसांनी नवा दुभाष्या पाठवते. त्याच आठवड्यात नवा आला होता. म्हणजे चोर सापडला. ल्युबिशाने नवा काढून टाकला, जुना परत बसवला आणि तियानाला सांगितलं की आता काही व्हायचं नाही.

पुढच्या रविवारी तेच झालं. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

त्याने काय नाही केलं? इंटरनेटवर कंपनीच्या चर्चा-मंचावर जाऊन वाचलं. तिथे पोलंडपासून ब्राझीलपर्यंतची माणसं कपाळाला हात लावून बसलेली. एक म्हणे, सर्वांत नवा ड्रायव्हर घ्या. दुसरा म्हणे, नव्याच्या वाऱ्याला उभे राहू नका, गेल्या वर्षीचाच चांगला. तिसऱ्याने वीज देणारी तार बदलायला सांगितली, चौथ्याने सगळं पुसून कॉम्प्युटर पहिल्यापासून भरायला सांगितलं. ल्युबिशाने सगळं केलं. कंपनीला त्याने एक खरमरीत पत्र लिहिलं, त्याला यंत्राने उत्तर दिलं आणि शेवटी विचारलं, आमच्या सेवेने आपण किती समाधानी आहात.

सर्वांत छळवादी गोष्ट अशी की इतर दिवशी कार्ड शहाण्यासारखं वागायचं. कामावरून आल्यावर तो एकटाच होडी बाहेर काढायचा, मुद्दाम वादळात घालायचा. कार्ड किती तापलंय तेही बघायचा. आकडा अगदी बेताचा. आई तेव्हा स्वयंपाकघरात रेडिओ ऐकत असायची. बुधवारी कार्ड चालायचं, शुक्रवारी चालायचं. रविवारी सहा वाजून गेले, मुलीचा आवाज आला, की थोड्या वेळाने पडदा काळा. रविवारी खेळताना आकडा बघायला त्याला सवड नसे, आणि पडदा काळा झाल्यावर बघायला काही उरतच नसे.

त्याने कार्ड काढून, टॉवेलात गुंडाळून, निश शहराला जाणाऱ्या बसच्या चालकाकडे दिलं. झायेचारमध्ये महत्त्वाची वस्तू टपालाने कोणी पाठवत नाही, बसच्या चालकाकडे देतात. निशच्या दुरुस्तीवाल्याने ते चार दिवस ठेवून घेतलं आणि परत पाठवलं, सोबत चिठ्ठी, दोष आढळला नाही. ल्युबिशाने फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "साहेब, आमच्या टेबलावर दिवसभर पळालं. गुणी कार्ड आहे."

"माझ्याकडे नाही पळत."

"मग तुमच्या घरातच काहीतरी आहे, बघा."

ल्युबिशाला हा उद्धटपणा वाटला. त्याने फोन आपटला.

जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचा झिवोता भेटला. घराघरांतले रेडिएटर तापवणाऱ्या गावाच्या हीटिंग केंद्रातून निवृत्त झालेला, सगळ्या यंत्रांवर बोलायचा आपल्याला हक्क आहे असं मानणारा. त्याने सांगितलं की आपल्या भाच्याने असलंच कार्ड स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये भाजून जिवंत केलं. आतलं डाख वितळतं आणि पुन्हा धरतं. देसांका मागे पिशवी घेऊन उभी होती. "ज्या ओव्हनमध्ये सेंट निकोलसच्या सणाचा पाव भाजते," ती म्हणाली, "त्यात तुझ्या भाच्याचं डोकं घाल आधी, झिवोता. बघ धरतं का."

तिला गंमत सुचत होती, पण ल्युबिशाची झोप उडाली होती. पहिल्या दोनतीन वेळा तियाना हसली होती. मग ती हसेनाशी झाली. होडी बुडाली की तो फोन उचलायचा आणि कार्ड, ड्रायव्हर, तार यांची कहाणी सांगायचा, आणि बोलता बोलता स्वतःचाच आवाज त्याला ओळखीचा वाटायचा. रजा, पासपोर्ट, ताप. तोच आवाज. ज्याने आयुष्यात तीनदा लांडगा आला म्हणून सांगितलं, त्याच्या दारात आता खराच लांडगा उभा होता. पलीकडून उत्तर यायचं, "बरं, बाबा."

त्या वर्षी सेंट निकोलसचा सण नेमका रविवारी आला. घराण्याच्या संताचा दिवस म्हणजे दार सताड उघडं. बोलावणं कोणालाच द्यायचं नाही, आणि आल्याशिवाय कोणी राहायचं नाही. उपासाचा दिवस, म्हणून मासे, तेलातली घेवड्याची उसळ, लोणचं. मधोमध उभी मेणबत्ती आणि पाव. दुपारपासून बैठकीत माणसं मावेनात. सिगारेटच्या धुराने डोळे चुरचुरायला लागले तेव्हा कोणीतरी खिडकी उघडली. देसांका स्वयंपाकघरातून ओरडली की मारताय का आम्हाला सगळ्यांना, पण तिचे हात माशांच्या पिठात होते. खिडकी उघडीच राहिली.

सहा वाजता ल्युबिशा पाहुण्यांची माफी मागून कॉम्प्युटरपाशी बसला. पाहुणे कसले ऐकतात? सगळे ग्लास घेऊन मागे येऊन उभे राहिले. तियानाला सगळ्यांनी आळीपाळीने हाका मारल्या, ती कोणाकोणाला ओळखते ते पाहिलं. मग वादळ सुरू झालं. ऑक्टोबरपासून ज्या बेटाला त्यांचे हात लागत नव्हते तिकडेच होडी निघाली होती. लाटा डोंगराएवढ्या झाल्या, विजा पडल्या, झिवोता मागून सल्ले देत राहिला, आणि पडदा एकदाही काळा झाला नाही. होडी बेटाला लागली तेव्हा बैठकीत असा गलका झाला की खालच्या मजल्यावरून माणूस वर आला आणि त्यालाही ग्लास मिळाला. तियाना हसत होती, उन्हाळ्यात हसायची तशी.

देसांका हात पुसत आली, तिने छातीवर क्रूस काढला. निकोलस नावाड्यांचा पाठीराखा, त्याच्या दिवशी तो होडी कशी बुडू देईल? ल्युबिशाने शुक्रवारीच आणखी एक नवा ड्रायव्हर बसवला होता. आई आणि मुलगा, दोघांनी त्या रात्री आपापल्या तारणहाराचे आभार मानले.

पुढचा रविवार शांत होता. बाहेर धुकं, घरात रेडिएटरची कुरकुर. देसांका खुर्चीत, विणकाम मांडीवर. समुद्रही शांत होता. तियानाने दोन बेटं मागे टाकली. मग म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय. तू रागावणार नाहीस ना?"

"नाही. सांग."

तिने श्वास घेतलेला स्पीकरमधून ऐकू आला. आणि पडदा काळा झाला.

ल्युबिशाने तिथल्या तिथे फोन लावला. त्याने विचारलं, काय सांगत होतीस? ती म्हणाली, काही नाही. तो म्हणाला, तियाना, हे कार्ड, शप्पथ सांगतो, मी उद्याच, आणि ती त्याला पुरतं बोलू देईना असं पहिल्यांदाच झालं.

"गेल्या रविवारी लोक बघत होते. तेव्हा बरा चालला तुझा कॉम्प्युटर."

"तसं नाहीय."

"बरं, बाबा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ल्युबिशा उठला, गुडघ्यांवर आला आणि टेबलाखाली शिरला. सगळ्या तारा उपटून ते खोकं कचऱ्यात नेऊन टाकायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. अंधारात त्याने खोक्याच्या मागे हात घातला. हाताला तार लागली नाही. लोकर लागली. गरम, ओव्हनमधून काढलेल्या पावासारखी गरम. खोक्याच्या मागची बाजू आणि कडेची जाळी, दोन्ही झाकली जातील अशी, नीट चौघडी करून, भिंतीशी दाबून ठेवलेली.

ते आईचं पांघरूण होतं. उन्हाळा सोडून ती रोज पायांवर घ्यायची ते.

तो टेबलाखालूनच म्हणाला, "आई, हे इथे कोणी ठेवलं?"

"मीच. तिथून वारा येतो ना पायांवर."

"गरम वारा येतो, आई."

"गार असो की गरम, वारा तो वारा. माझ्या बहिणीचं तोंड वाकडं झालं ते काय थंडीने? बसच्या खिडकीतल्या झुळकेने."

"केव्हापासून ठेवतेस?"

देसांकाने सुया खाली ठेवल्या. "गावाचं हीटिंग चालू व्हायचं होतं तेव्हापासून. ऑक्टोबरात. रविवारी बसताना लावते, उठताना परत घेते. इतर दिवशी मी इथे बसते का?"

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती. ज्या आठवड्यात तो नवा ड्रायव्हर आला, त्याच आठवड्यात म्हातारीच्या पायांना थंडी वाजली होती. बिचारं कार्ड दर रविवारी गुदमरत होतं, आणि कॉम्प्युटर दर वेळी दुभाष्याकडे बोट दाखवत होता. सणाच्या दिवशी आई स्वयंपाकघरात होती आणि खिडकी उघडी होती. निकोलसने एवढंच केलं होतं.

ल्युबिशाला ओरडायचं होतं. पण ओरडणार काय? त्या गावात अंगावरून जाणाऱ्या झुळकेला भीत नाही असा माणूस कुठे होता? तो स्वतः तिकीट खिडकीत कंबरेला पट्टा बांधून बसायचा आणि समोरासमोरची दोन दारं एका वेळी कोणाला उघडू देत नसे. आईच्या जागी तो असता तर त्यानेही तेच केलं असतं. तो टेबलाखालून बाहेर आला, पांघरूण हातात घेऊन. देसांका त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण आपल्या मुलाचा चेहरा कळत होता.

"म्हणजे होडी मी बुडवत होते?"

"नाही गं. ड्रायव्हरच वाईट होता."

"खोटं बोलू नकोस, ल्युबो. तुला येत नाही ते. सगळं गाव ओळखतं."

दुसऱ्या दिवशी तो कामावर असताना देसांकाने शेजारणीला घरात बोलावून लिंझला फोन लावून घेतला. एकटीने तिला तो लावता येत नसे. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा दिवा न लावता ती खुर्चीत बसली होती. मग हळूहळू सांगितलं. तिने नातीला सगळं सांगितलं होतं, पांघरूण, झुळूक, बहिणीचं तोंड, सगळं. तियाना आधी हसली. मग म्हणाली, "आजी, बाबाने सांगायला लावलं ना तुला?"

"मी काय म्हणणार?" देसांका म्हणाली. "मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, बरं आजी."

ल्युबिशाने कोट काढून खुंटीला लावला. तिचं म्हणणं चूक तरी कसं म्हणायचं? ऐकायला ती गोष्ट तापाच्या गोष्टीपेक्षाही खोटी वाटत होती.

त्याने पांघरुणाशिवाय कॉम्प्युटर चालू करून बघितला. पडद्यावर हिरव्या रेघा उमटल्या, होडीचे तुकडे तुकडे दिसले, आणि मग काहीच नाही. इतके रविवार भाजून निघालेल्या कार्डाने आता सोमवारीही मान टाकली. निशच्या माणसाने ते बघून सांगितलं की हे उष्णतेने गेलंय आणि हमीपत्रात हे बसत नाही. त्याच्या आवाजात थोडं "मी सांगितलं नव्हतं का" होतं, आणि ल्युबिशाने ते ऐकून घेतलं. नवं कार्ड मिळण्याची सोय नव्हती. त्या वर्षी कॉम्प्युटरमधून आभासी पैसे उकरणाऱ्या लोकांनी जगभरातली कार्डं उचलली होती आणि दुकानांच्या फळ्या रिकाम्या होत्या. झिवोताने पुन्हा ओव्हनचा विषय काढला. या वेळी देसांका म्हणाली, "भाज बाबा, पाहिजे तर माझ्या ओव्हनमध्ये भाज." पण ल्युबिशाने नको म्हटलं. असली भाजलेली कार्डं दोन आठवडे जगतात आणि मग भर समुद्रात मरतात, हे त्याने वाचलं होतं. दोन आठवड्यांचं त्याला काही नको होतं.

त्याने मेलेलं कार्ड परत बसवलंच नाही. कार्डाशिवायही कॉम्प्युटरला जेमतेम चित्र काढता येतं, कागदपत्रं वाचण्यापुरतं. त्याने खेळातलं सगळं कमीत कमी केलं. पाणी बंद केलं, पाऊस बंद केला, ढग बंद केले. समुद्राच्या जागी एक करडी फरशी उरली, बेटांच्या जागी ठोकळे. होडी म्हणजे एक तपकिरी डाग आणि त्यावर पांढरा तुकडा, ते शीड. नवे ड्रायव्हर आपोआप यायचे तेही त्याने बंद करून टाकलं. मग तियानाला एकच ओळ पाठवली, रविवारी सहा वाजता मी असेन. कारण लिहिलं नाही. उत्तर आलं नाही.

रविवारी देसांकाने लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड चढवले, डोक्याला रुमाल बांधला, पांघरूण गुडघ्यांवर घेतलं आणि खुर्ची ओढून पार पलीकडे, रेडिएटरजवळ नेली. तिथून स्पीकर नीट ऐकू येत नव्हता. खिडकी तिने स्वतः बोटभर उघडली आणि कोणी विष घ्यावं तशा चेहऱ्याने बसली.

सहा वाजले. होडीत ल्युबिशा एकटाच होता. मग बऱ्याच वेळाने सुकाणूपाशी दुसरा ठिपका उभा राहिला.

तियानाने नमस्कार केला नाही. होडी बंदरातून काढली. थोड्या वेळाने म्हणाली की शीड उलटीकडे ओढतोयस. तो म्हणाला, हो का.

"बाबा, तुला समोरचा खडक दिसत नाही का?"

"नाही."

"काहीच?"

"करड्या विटा दिसतात. खालपासून वरपर्यंत." आणि तो थांबला. पुढे काय झालं, कशामुळे झालं, ते सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

तियानाने सुकाणू वळवलं. मग म्हणाली, "बरं. मी सांगते तसं कर. आता ओढ. आता सोड. थोडं आणखी सोड." आणि असं ती सांगत राहिली आणि तो करत राहिला. होडी बैलगाडीच्या चालीने चालली होती. वाऱ्याचा आवाज तेवढा त्याला ऐकू येत होता, वारा दिसत नव्हता. मधे एकदा चित्र इतकं अडखळलं की त्याने फोनकडे हात नेला. पण पडदा काळा झाला नाही.

"ओढ," तियाना म्हणाली. "मी त्या दिवशी सांगणार होते ना, ते."

"हं."

"आईला बाळ होणार आहे. जूनमध्ये." ती घाईने बोलत होती. "सोड आता थोडं. मला खोली बदलावी लागणार. आणि घरी दोघं म्हणतात मी पण त्यांचंच आडनाव लावलं तर बरं, म्हणजे घरात सगळ्यांचं एकच होईल. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुला आधी विचारीन म्हटलं."

ल्युबिशाचा हात बटणावर तसाच राहिला. डोळ्यांसमोरच्या करड्या विटा एकमेकींत मिसळल्या, आणि या वेळी त्यात कॉम्प्युटरचा दोष नव्हता. रेडिएटरजवळ देसांकाच्या सुया थांबल्या होत्या. शब्द ऐकू गेले नसले तरी मुलाची पाठ तिला दिसत होती. स्पीकरमध्ये नुसता वारा वाजत होता. शीड सोडायचं होतं ते त्याने सोडलं नाही आणि होडी एका अंगावर कलायला लागली.

"बाबा?" तिकडून आवाज आला. त्यात राग नव्हता, पण त्या "बरं, बाबा"ची सुरुवात होती. "गेलास ना परत?"

त्याने शीड सोडलं. होडी हळूहळू सरळ झाली.

"आहे," तो म्हणाला. "इथेच आहे. बोल."